खाली ठेवलेला कप

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही. एकदा जफर गावच्या बाजारात एका माणसाने ऐकताना सारखी मान डोलावली होती, पण तो बहिरा आहे असं नंतर कळलं.

हायलचं तर विचारूच नका. आज शुक्रवार आहे असं मी म्हटलं तरी तो फोन काढून खात्री करून घेतो. हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. पाण्याचा टँकर चालवतो आणि दर शुक्रवारी नमाज झाली की दोन-चार मित्रांना घेऊन माझ्या तंबूत येऊन बसतो, म्हातारा कुठे घसरतो ते बघायला. बसू दे. ऐकणाऱ्याच्या मनात संशय असला की सांगणाऱ्यालाही जरा सावरून बसावं लागतं.

तर मी शेख दहामकडे कॉफी करायचो तेव्हाची ही गोष्ट. चव्वेचाळीस वर्षं झाली. त्या साली पाऊस असा रुसला होता की सरडे आमच्या विहिरीपाशी रांग लावून उभे असायचे. आणि रांगेत भांडणं नाहीत, हो. भांडायलासुद्धा ओठ ओले लागतात.

"सरड्यांना ओठ नसतात, काका," हायल म्हणाला.

"म्हणून तर भांडणं नव्हती."

शेख दहाम म्हणजे दिलदार माणूस. लांब कुठे धूळ उठलेली दिसली की तो बकरा कापायला सांगायचा. पुष्कळदा ती धूळ नुसती वाऱ्याचीच निघायची. मग आम्ही सगळे वाऱ्याला पाहुणा समजून मटण खायचो. एवढा दिलदार माणूस आतून भित्रा असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. भीती एकच. आपल्या तंबूतून कुणी रिकाम्या हाताने गेला असं कुणी म्हणू नये.

आता आमच्याकडे मागणं तोंडाने सुरू होत नाही. ज्याला काही मागायचं असेल तो यजमानाच्या तंबूतली कॉफी हातात घेतो आणि न पिता पुढ्यात खाली ठेवतो. बोलत नाही. मग यजमानाने विचारायचं, बाबा, काय हवं? द्यायचं कबूल झालं की पाहुणा कप उचलून पितो. अशा एका कपावर खून माफ झालेत, लग्नं जुळलीत, तुटलेले भाऊ एका ताटात जेवलेत. आणि कप तसाच भरलेला ठेवून पाहुणा उठून गेला, तर ते वाळवंटातल्या प्रत्येक तंबूत सांगितलं जातं. अमक्याची कॉफी कुणी प्यायलं नाही. त्यापेक्षा तंबूचा मधला खांब डोक्यात पडलेला बरा.

माझं काम दाणे भाजायचे, खलात कुटायचे, वेलदोडे टाकून उकळायचे. पहिला कप सगळ्यांदेखत मीच प्यायचा, विष नाही हे दिसावं म्हणून. मग डाव्या हातात किटली, उजव्या हाताने कप पुढे. सात वर्षं मी हे केलं. सात वर्षांत मला कुणी कप दिला नाही. देणार कसा? देणारा मीच.

आणि मला तर मागायचं होतं.

शेखची बहीण होती, फिलवा. सव्वीस वर्षांची विधवा, तीन वर्षांपूर्वी नवरा ओढ्याच्या पुरात वाहून गेलेला. तंबूच्या मधल्या पडद्यापलीकडे बायकांची बाजू, तिथे ती असायची. एकदा विहिरीच्या तोंडाशी अडकलेली मेंढी तिने एकटीने शिंगं धरून ओढून काढली आणि वर मेंढीलाच शिव्या घातल्या, तेव्हापासून माझी झोप गेली. पण माझा आजा या कबिल्यात आसरा मागून आलेला. आसऱ्याला आलेल्यांच्या घरात शेखच्या बहिणी पडत नाहीत. एकच वाट होती. कप मिळावा, तो मी खाली ठेवावा, आणि शेखच्या तोंडून सगळ्यांसमोर शब्द निघावा. म्हणून शेवटची तीन वर्षं मी इतरांना कप देत होतो आणि वाट बघत होतो, कुणीतरी मला देईल याची.

"मग तूच स्वतःला एक ओतून घ्यायचास," हायलचा एक मित्र म्हणाला.

"मग शब्दही मीच मला द्यायचा का, गाढवा?"

अशा त्या दुष्काळात एका दुपारी एक माणूस आला. जदआन म्हणे नाव. कोणत्या कबिल्याचा विचारलं तर म्हणाला, "उत्तरेकडचा." उत्तरेकडे काय कमी कबिले आहेत? पण त्याच्या बोलण्यापेक्षा आम्ही त्याच्या उंटिणीकडे बघत होतो. आमच्या उंटांची मदारं रिकाम्या पिशव्यांसारखी एका बाजूला पडलेली, आणि हिचं मदार असं ताठ की त्यावर दोन म्हातारे बसून सोंगट्या खेळले असते. दुष्काळात लठ्ठ उंटीण घेऊन हिंडणाऱ्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवाल?

तो बसला. मी कप दिला. त्याने तो घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

तंबूतले सगळे शेखकडे बघायला लागले. शेख दहामने काय करायला हवं होतं? विचारायला हवं होतं. पण दिलदारीची खाज वाईट. तो छाती पुढे काढून म्हणाला, "पी तुझी कॉफी, पाहुण्या. मागशील ते दिलं!"

"आधी ऐकून तरी घ्या, शेख."

"दहामने दिलं म्हणजे दिलं. आता ऐकव."

जदआन शांतपणे म्हणाला, "आजवर अकरा तंबूंत मी असा कप ठेवला. अकराही ठिकाणी मिळालं. घोडी मिळाली, खजुराची बाग मिळाली, बायको मिळाली, वैऱ्याची माफी मिळाली. पहिल्या दिवशी वाटायचं, आता झालं. दुसऱ्या दिवशी बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी दाराबाहेर बघायला लागायचो. म्हणून या वेळी एकच मागतो. जे मिळाल्यावर आणखी काही हवंसं वाटणार नाही, असं काही द्या."

शेखचा चेहरा असा झाला की जणू मेंढी समजून त्याने कोल्ह्याला कुरवाळलं होतं.

पडद्यामागून शेखची बायको उम्म सत्ताम ओरडली, "लबाड आहे मेला! याच्या मनात काहीतरी ठरलेलं आहे. सांगत नाहीये एवढंच!"

आणि खरं सांगतो, आम्हा सगळ्यांना तेच वाटलं. असं कुणी काही मागतं का? म्हणे आणखी काही हवंसं वाटणार नाही! ह्याला नक्की काहीतरी हवंय, नेमकं, हातात धरता येईल असं, आणि आपण ते आपणहून पुढे करावं म्हणून हा साधू झालाय. म्हातारा खलफ माझ्या कानात म्हणाला, "सरकारी माणूस असेल. जनावरं मोजायला आलाय." दुसरा म्हणाला, "वैऱ्यांनी पाठवलंय, शेखचं नाक कापायला." पाहुण्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस ठेवायचं, ही रीत. म्हणजे चौथ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत हा माणूस एक तर कॉफी पिऊन जाणार किंवा न पिता.

मग कबिल्यात जी लपवालपवी सुरू झाली ती तुम्ही बघायला हवी होती. शेखने आपली करडी घोडी तंबूच्या मागे नेऊन बांधली आणि तिच्यावर घोंगडं टाकलं, जणू घोंगडं टाकलं की घोडीचा बकरा होतो. उम्म सत्ताम चांदीच्या दागिन्यांच्या पेटीवर जाऊन बसली ती तीन दिवस उठलीच नाही. भात तिथूनच शिजवला, सुनांना शिव्या तिथूनच दिल्या. खलफला वरच्या ओळीत एक सोन्याचा दात होता. एरवी त्याचं तोंड बंद करायला दोन माणसं लागत. तीन दिवस तो ओठ मिटून बसला आणि मटण बाजूने आत ढकलत राहिला.

"थापा!" हायल हसला.

"त्याच्या नातवाला विचार."

"खलफला मूलबाळच नव्हतं, काका."

"दात सांभाळण्यात राहून गेलं बिचाऱ्याचं."

आणि मी? मला दिसत होतं ते इतर कुणालाच दिसत नव्हतं. त्या माणसाचे डोळे सारखे मधल्या पडद्याकडे जात होते. खरंच जात होते की मला तसं वाटत होतं, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण तेव्हा माझी खात्रीच होती. घोडी नको, चांदी नको, सोन्याचा दात नको. ह्याला फिलवा हवी. अकरा तंबूंत हा बायका गोळा करत आलाय!

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आत शेखने लाज गिळून घोंगडं काढलं आणि घोडी पुढे आणली. ती घोडी म्हणजे काय सांगू! ती धावली की तिची सावली अर्ध्या वाटेत दम खायला थांबायची. जदआन तिच्यावर बसला, खोऱ्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. "सुरेख," तो म्हणाला. "पण पहिल्या टेकडीपाशी मनात आलं, हिच्याहून वेगवान एखादी असेल का?" आणि लगाम परत दिला.

दुसऱ्या दिवशी पिकअप गाडी. आमच्या भागातली तेव्हा पहिलीच. त्याने ती दुपारपर्यंत चालवली, भोंगा वाजवला, मेंढ्या उधळल्या, लहान मुलासारखा खिदळला. दुपारी उतरला आणि म्हणाला, "या गाडीत बसलं की उंटिणीची आठवण येते. उंटिणीवर बसलं की गाडीची येईल." किल्ली परत.

मी दर तासाला त्याच्यापुढची गार कॉफी ओतून टाकायचो आणि गरम भरायचो. तो तिला हात लावायचा नाही. पाणी प्यायचा, उंटिणीचं दूध प्यायचा.

तिसऱ्या दिवशी शेखने हद्द केली. स्वतःची बैठक दिली त्याला. "ये, बस इथे. आजपासून शेख तू." आम्ही सगळे गार! जदआन बसला. पहिल्या तासात दोन भाऊ एका बकरीवरून भांडत आले. दुसऱ्या तासात एक बाई आली, नवरा घोरतो म्हणून न्याय मागायला. तिसऱ्या तासात खलफ आला आणि सोन्याचा दात शेखने ताब्यात घेऊ नये अशी लेखी हमी मागू लागला. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाला जदआन उठला, उशी झटकली आणि म्हणाला, "ही उशी मिळाली की झोप जाते, शेख. तुम्ही एवढी वर्षं कशी काढलीत?"

शेख दहाम उठला. तो तंबूबाहेर जाऊन उभा राहिला. मी वाळलेलं सरपण आणायच्या निमित्ताने मागे गेलो. त्याचे खांदे पडलेले होते.

"सुवैलिम," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी मी त्याला फिलवा देतो."

सरपण माझ्या हातून पडलं. "तो तिलाही तिसऱ्या दिवशी परत करील, शेख."

"करू दे. पण कॉफी तर पिईल. कॉफी प्यायला की माझं वचन सुटलं."

"आणि ती?"

"ती काय?"

"तिला विचारलंत?"

शेख माझ्याकडे बघत राहिला. असा की मी घाईघाईने खाली वाकून सरपण गोळा करायला लागलो. "तुला काय पडलंय?" तो म्हणाला. संशय एकदा घरात शिरला की आल्यागेल्या सगळ्यांना हुंगतो. मी म्हणालो, "मला काही पडलेलं नाही, शेख. लाकडं पडलीत."

चौथा दिवस उजाडला. सगळे जमले. शेख धुतलेला अंगरखा घालून बसला. पडद्यापलीकडे एरवी सकाळी एवढा कालवा असतो की बकऱ्या कान पाडतात, पण त्या दिवशी भांड्याचा आवाज नव्हता. आता आमच्यात रीत अशी की कॉफीची एक फेरी झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. म्हणजे माझ्या हातात किती वेळ होता? एक फेरी. फेरी संपली की शेख तोंड उघडणार आणि फिलवा गेली.

मी फेरी लांबवली. कालचे कुटलेले दाणे बाजूला ठेवले आणि शेखची जपून ठेवलेली यमनी दाण्यांची पिशवी फोडली. शेखने भुवई वर केली, पण अडवणार कसा? लांब दांड्याच्या लोखंडी पळीत दाणे घेतले आणि निखाऱ्यांवर धरले. हिरवे दाणे पिवळे झाले, पिवळे तांबूस झाले, तडतडायला लागले. वास सुटला. तो वास असा होता की तंबूमागची घोडी दावं तोडून पुढे आली. मग खलात घालून कुटायला लागलो. तालात, टक-टका-टक, टक-टका-टक. त्या तालावर सरड्यांची रांग हलली. माआनच्या बाजारात लोकांनी दुकानं सोडून आमच्या दिशेला तोंडं केली.

"माआन इथून गाडीने तास लागतो, काका!"

"म्हणून तर फक्त तोंडं केली. चालत आले नाहीत."

खरं म्हणजे मी त्या माणसाकडे बघत होतो. तीन दिवस तो असाच बसला होता, पण आज त्याने कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. जो माणूस रोज वीस कप कडू कॉफी पितो त्याने तीन दिवस एक घोटही घेतला नाही तर डोक्यात लोहार बसतो. मला ते माहीत, मी तो धंदाच करत होतो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. तीन दिवस मी त्याचा कप भरत होतो. भरलेला कप समोर असतो, कधीही उचलता येतो, म्हणून माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

मी त्याचा कप उचलला, गार कॉफी बाहेर वाळूत ओतली आणि रिकामा कप त्याच्यापुढे ठेवला.

मग किटली घेऊन फेरी सुरू केली. पहिला कप मी प्यायलो. मग शेखला दिला. मग खलफला. तो इतक्या सुखाने भुरका मारून प्यायला की तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा दात उन्हात चमकला. मग एकेक करत सगळ्यांना. जदआनपाशी आलो आणि त्याला ओलांडून पुढे गेलो.

त्याची मान माझ्यामागे वळली.

मी दुसरी फेरी सुरू केली. पुन्हा त्याला ओलांडलं. तो खाकरला.

"कॉफीवाल्या," तो म्हणाला, "मला विसरलास."

"कसा विसरेन, पाहुण्या? पण तुमचं मागणं अजून पुरं झालेलं नाही. तुम्ही पिणार नाही. मग चांगली यमनी कॉफी वाळूत कशाला ओतायची?"

"असू दे. समोर भरून ठेव नुसती."

"नको. माझ्या हाताला वाईट वाटतं."

शेख माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. पाहुण्याला कप न देणं म्हणजे काय गुन्हा आहे तुम्हाला ठाऊक नाही. पण मी थांबलो नाही. त्याच्या नाकाखालून किटली नेली, उगाच झाकण उघडलं, वाफ त्याच्या तोंडावर गेली, पुन्हा झाकण लावलं. खलफने तिसरा कप घेतला आणि डोळे मिटून "आ हा हा" केलं. त्या म्हाताऱ्याला काही कळलेलं नव्हतं, हेच बरं झालं.

जदआनने हात पुढे केला. "दे," तो म्हणाला.

"काय देऊ?"

"अरे, कॉफी दे! दुसरं काय?"

"हे तुमचं मागणं आहे का, पाहुण्या? सगळ्यांसमोर सांगा."

"हो! हेच! आत्ता मला दुसरं काही नको. कप दे, बाबा, डोकं फुटतंय माझं!"

शेख दहाम गुडघ्यांवर उठला. सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं ओरडला, "दिली! पी!"

मी कप भरला. जदआनने तो दोन्ही हातांनी धरला, असा की लहान पक्षी धरलाय, आणि प्यायला. पुन्हा पुढे केला, पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरला. तिसरा संपल्यावर त्याने कप डावीकडे-उजवीकडे हलवला. आमच्यात त्याचा अर्थ, पुरे. आणि डोळे मिटून खांबाला टेकून बसला. मी इतका सुखी चेहरा फक्त दूध पिऊन झोपलेल्या कोकरांचा बघितलाय.

"मिळालं का?" मी हळूच विचारलं.

"त्या तीन कपांत मला काहीही नको होतं," तो म्हणाला. "खरंच काही नाही. देवाशपथ."

"आणि आता?"

त्याने एक डोळा उघडला. "आता एवढंच जाणून घ्यायचंय की हे दाणे तुम्ही यमनात नेमके कुठून आणता."

तासाभरात तो उंटीण घेऊन निघून गेला, यमनच्या दिशेने. मला अजून संशय आहे की तो पहिल्यापासून फक्त चांगल्या कॉफीसाठी हिंडत होता आणि बाकी सगळं ते मागण्याची लाज वाटते म्हणून बोलत होता. कुणी म्हणतं तो पुढे सुखी झाला. कुणी म्हणतं तेराव्या तंबूत पुन्हा कप ठेवून बसलेला दिसला. मला काय त्याचं? फिलवा पडद्यापलीकडेच राहिली होती.

आणि आता खरी गोष्ट. तो गेल्यावर शेख दहाम उठला. माझ्या हातातली किटली त्याने काढून घेतली. स्वतःच्या डाव्या हातात धरली. स्वच्छ कप घेतला, भरला आणि उजव्या हाताने माझ्यापुढे केला. "घे, सुवैलिम," तो म्हणाला, "आज तू बस. आज तू पाहुणा."

सात वर्षं! चुलीपाशी सात वर्षं बसलेल्या माणसाला शेखने स्वतःच्या हाताने कप दिला. सगळे बघत होते. मी तो घेतला. हात जराही हलला नाही. शेखच्या डोळ्यांत डोळे घालून मी तो कप सगळ्यांदेखत पुढ्यात खाली ठेवला, आणि ठेवल्याचा आवाज असा झाला की—

"खोटं!"

आवाज माझ्याच तंबूच्या मधल्या पडद्यामागून आला. हायल दचकून उठून बसला.

"काकू? तू जागी आहेस?"

"चव्वेचाळीस वर्षं जागी आहे," फिलवा म्हणाली. "सरड्यांची रांग ऐकली, खलफचा दात ऐकला, काही बोलले नाही. घोडीची सावली दम खायला थांबते म्हणे, तेही चालवून घेतलं. पण हे नाही चालणार, अबू रकान, माझ्या रकानच्या बापा. तू कप खाली ठेवला नाहीस."

"फिलवा, पाहुणे बसलेत."

"बसू देत. मी पडद्याच्या भोकातून बघत होते. जन्मात पहिल्यांदा कुणी कप दिला म्हणून तू एवढा हरखलास की एका घोटात पिऊन टाकलास. वर कप हलवून पुरे म्हणालास, आणि माझ्या भावाला म्हणालास, वेलदोडे थोडे कमी पडलेत! माझा भाऊ हसत हसत आमच्या बाजूला आला, तेव्हा माझ्यापुढे एक भरलेला कप होता, जमिनीवर, आणि मी तोंड मिटून बसले होते. तो तिथे कुणी ठेवला होता, ते सांग आता तुझ्या पुतण्याला."